निकितिन, निकितिना आणि नोंदणीची खिडकी

बायको रशियन म्हटलं की लोक व्हिसाबद्दल विचारतात. आमचा व्हिसा, विशेष विवाह कायद्याखालची तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सगळं सुरळीत झालं. आम्ही अडलो ते एका कान्यावर.

युलियाच्या पासपोर्टवर आडनाव निकितिना. तिच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं आडनाव निकितिन. खिडकीतल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, दोन्ही शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि फाइल माझ्याकडे सरकवली. "बाप-लेकीचं आडनाव जुळत नाही. दुरुस्त करून आणा."

"साहेब, त्यांच्यात बाईच्या आडनावाला शेवटी 'आ' लागतो."

"असं कुठं लिहिलंय?"

आता हे कुठल्या कागदावर लिहिलेलं असणार? रशियात सगळ्यांनाच माहीत असलेली गोष्ट दाखल्यावर कोण छापतं! रांगेतले लोक मागून उसासे टाकत होते, मीही चिडलो होतो, तरी तिथेच उभं राहून शिकवणी घेतली. रशियन आडनावांपैकी कितीतरी म्हणजे 'कुणाचा?' या प्रश्नाची उत्तरं. इव्हानचा तो इव्हानोव्ह, सेर्गेईचा तो सेर्गेयेव्ह. मूळ नाव आकारान्त असेल तर शेवटी 'इन' येतं, म्हणून इल्याचा इल्यिन आणि निकिताचा निकितिन. आपल्या चा-ची सारखंच ते लिंगाप्रमाणे बदलतं. मुलगा निकिताचा, मुलगी निकिताची.

साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "निकिताची? म्हणजे आईचं नाव लावतात?"

आपल्याकडे निकिता ही मुलगी, तिकडे तो बाप्या. शिवाय माझ्या सासऱ्यांचं नाव निकोलाय, ते जन्मदाखल्यात युलियाच्या मधल्या नावात आहे: युलिया निकोलायेव्हना निकितिना. मग हा निकिता कोण? कुणीतरी खापरपणजोबा. सरदार घराण्यांची आडनावं आधीपासून ठरलेली होती, पण बहुतेक शेतकऱ्यांची कागदावर पक्की झाली ती १८६१ साली भूदासपद्धत संपल्यानंतर. तोवर बापाचं नाव पिढीगणिक बदलायचं. नोंद झाली तेव्हा ज्या पूर्वजाचं नाव चालू होतं ते कायमचं चिकटलं.

मग मी अफानासी निकितिनला मध्ये आणलं. पंधराव्या शतकातला त्वेर शहराचा हा व्यापारी चौलला उतरला होता आणि त्याने पावसाळा जुन्नरला काढला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. आज आपण त्याला आडनावाने ओळखतो, पण तो स्वतःला लिहितो 'निकिताचा मुलगा अफानासी'. (जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला होता. तो शेवटी परत मिळाला, एवढाच मला दिलासा.) साहेबांना गोष्ट आवडली. त्यांनी चहा मागवला, मलाही दिला, आणि म्हणाले, "ॲफिडेव्हिट लागेलच."

तर ॲफिडेव्हिट आधीच करून न्या. आमच्या नोटरीने घातलेलं वाक्य चाललं: 'निकितिन व निकितिना ही एकाच आडनावाची अनुक्रमे पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूपे असून त्यांत कोणताही फरक मानू नये.' भाषांतरकाराकडूनही सही-शिक्क्यानिशी तेवढंच लिहून घ्या. हे दोन कागद लावले आणि फाइल पुढे सरकली. कान्यापायी गेलेली रजा कोण भरून देणार ते विचारू नका.

त्याच ॲफिडेव्हिटमध्ये मधल्या नावाचंही एक वाक्य टाका. रशियन पासपोर्टवर ते रशियन लिपीत असतं, रोमन ओळीत मात्र गाळतात. जन्मदाखल्यात तीन नावं आणि पासपोर्टात दोन, हा पुढचा आक्षेप ठरलेला.

स्पेलिंग पासपोर्टवरून अक्षरन् अक्षर उतरवायला सांगा. हल्लीच्या पासपोर्टवर युलिया म्हणजे 'आय यू एल आय आय ए'. भाषांतरकार सवयीने 'वाय'ने सुरुवात करतात.

आणि हो, दाखल्यावर अपॉस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) रशियातूनच घ्यायचं असतं, तेही भाषांतराच्या आधी. उलट केलंत तर शिक्क्याच्या मजकुराचं भाषांतर पुन्हा वेगळं करावं लागतं, आणि खिडकीवर नेमकं तेच पान पहिलं मागतात.