१६६० सुपर बदलायचं की नाही: मे ते ऑगस्टची नोंदवही

२४ मे २०२५, भुसावळ

भाचा सुट्टीला आला आणि दुसऱ्याच दिवशी निकाल देऊन मोकळा झाला. "मामा, तुझं कार्ड म्हातारं झालंय." चौदा वर्षांचा आहे, पण बोलतो सर्व्हिस सेंटरवाल्यासारखा.

त्याचं अगदीच खोटं नाही. जीटीएक्स १६६० सुपर, म्हणजे माझ्या पीसीतलं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र काढणारं), बाजारात आलं ऑक्टोबर २०१९ मध्ये. मी जानेवारी २०२० मध्ये ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या पाच-सहा दुकानांत घासाघीस करून ते घेतलं. पुढे दोनच महिन्यांत लॉकडाऊन लागला, मग क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी (आभासी चलन कमवायला कार्डं राबवणाऱ्यांनी) बाजार झाडून नेला आणि वर्षभरात माझ्या वापरलेल्या कार्डाला मी दिलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे देणारे लोक भेटू लागले. नाही विकलं. विकून घेणार काय होतो?

बाकीचा संसार असा: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), ८ जीबीच्या दोन रॅम (३२०० वेगाच्या), ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि १०८० पी मॉनिटर.

तक्रारी तीन. युरो ट्रक सिम्युलेटर २ शहरात शिरलं की अडखळतं. सायबरपंक चालतं, पण पंख्यांचा आवाज हॉलपर्यंत जातो. भाच्याचं फोर्झा होरायझन ५ वीसेक मिनिटांनी झटके खायला लागतं. चौथी तक्रार किरकोळ, पीसीची रोजची सकाळ चुकीच्या तारखेने उजाडते. ब्राउजर उघडला की प्रत्येक साइट "असुरक्षित" म्हणते. घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घेतलं की दिवसभर ठीक. ही सवय कधी लागली ते आता आठवतही नाही.

नवी कार्डं बघून ठेवली आहेत. पण तीस-चाळीस हजार घालायच्या आधी एकदा नीट मोजायचं ठरवलं.

१ जून

मोजणी सुरू. आफ्टरबर्नर आणि रिवाट्युनर हे मोजणीचे प्रोग्राम टाकले, कोपऱ्यात आकडे लावले: कार्डाचा वापर, तापमान, क्लॉक (चिपचा वेग), व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरचा एकेक थ्रेड (कामाची एकेक रांग) आणि फ्रेमटाइमची, म्हणजे एकेक चित्र काढायला लागलेल्या वेळाची, रेघ. ही रेघ सगळ्यात महत्त्वाची. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सरासरी साठ दिसत असली आणि मधूनच एखादी फ्रेम पन्नास मिलिसेकंदांना आली, तर डोळ्याला झटका बसतोच, सरासरी काहीही म्हणो.

पहिला पेशंट ट्रक सिम्युलेटर. कुणा भल्या माणसाने बनवलेली लाल एसटी माझ्याकडे मॉडमध्ये (गेममध्ये वरून घातलेली भर) आहे. ती घेऊन बर्लिनच्या चौकात उभा राहिलो (आपली लालपरी जर्मन सिग्नलला थांबलेली बघण्यातच अर्धी मजा). सरासरी ५२ फ्रेम. कार्डाचा वापर ५८ टक्के.

इथेच थबकलो. अठ्ठावन्न म्हणजे कार्ड बिड्या ओढत बसलंय. ते कुणाची तरी वाट बघतंय.

खात्री करायला स्केलिंग उतरवलं. या गेममध्ये स्केलिंग ४०० टक्के केलं की १०८० पीच्या मॉनिटरवरही आतून थेट ३८४० बाय २१६० चं चित्र काढलं जातं. मी २०० वर खेळतो, ते १०० वर आणलं. पिक्सेलचं काम अर्ध्यावर आलं, तरी फ्रेम ५२ च्या ५३. कार्ड कमी पडत असतं तर आकडा दणकन वर गेला असता. मग आरशांचं अंतर कमी केलं. बाजूच्या आरशात दिसणारा रस्ता गेमला वेगळा काढावा लागतो, आणि त्याचा भार प्रोसेसरवरही पडतो. लगेच ५२ चे ५७ झाले.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर मात्र २२ टक्के दाखवत होता. यावर खूप जण फसतात, मीही फसलो होतो. बारा थ्रेडपैकी एकच पूर्ण जुंपला, तर एकूण आकड्यात तो जेमतेम आठ टक्के दिसतो. थ्रेड वेगवेगळे लावले तेव्हा कळलं, एक ९५ च्या पुढे आणि बाकीचे गप्पा मारतायत.

म्हणजे या गेमसाठी बाजारातलं सर्वात महागडं कार्ड आणून बसवलं असतं, तरी बर्लिनच्या चौकात ५२ च मिळाले असते.

८ जून

सायबरपंकमध्ये उलटं. कार्ड ९९ टक्के, सरासरी ५४, तापमान ८३ आणि क्लॉक हळूहळू घसरतोय. इथे गुन्हेगार कार्डच, शंका नाही. एफएसआर (कमी पिक्सेलचं चित्र काढून मोठं करणारी सोय) क्वालिटीवर टाकलं की ६६ पर्यंत जातं, पण लांबच्या तारा आणि जाळ्या लुकलुकतात. डीएलएसएस, म्हणजे एनव्हिडियाची तशीच सोय, आमच्या नशिबी नाही. त्याला लागणारे टेन्सर कोर १६ मालिकेत दिलेच नाहीत. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम अंदाजाने भरणं) लावून पाहिलं. आकडा सुंदर दिसतो, हातात मात्र गाडी चिखलात चालवल्यासारखी वाटते. मुळात साठच्या खालून सुरुवात असेल तर त्या सोयीला अर्थ नाही, हे माझं मत.

फोर्झाचं उत्तर सोपं निघालं. व्हीरॅम ५.८ जीबी, म्हणजे ६ जीबीचा हंडा काठोकाठ. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं, झटके गेले. भाच्याला फरक दाखव म्हटलं, त्याला दाखवता आला नाही.

१५ जून

खोलीत ३८ अंश. मे महिन्यात रात्री अकरालाही ३७ च्या खाली येत नव्हतं. कुलर पीसीपासून लांब ठेवतो, कारण त्याची ओली हवा आणि पाच वर्षांची धूळ मिळून आत जो लेप होतो तो एकदा पाहिलाय.

आज कार्ड उघडलं. वॉरंटी कधीच संपलीय. मागचे स्क्रू काढले, चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरके-तिरके थोडे थोडे सैल केले, पंख्यांच्या वायरची पिन नखाने हळूच सोडवली. हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा भाग) सुटेना. दहा मिनिटं बेंचमार्क चालवून गरम केलेलं कार्डच उघडायला हवं होतं, ते मी विसरलो. हलकेच डावी-उजवी पिरगाळल्यावर कट्ट आवाज करून निघाली. आत चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्ट नव्हती, चुना होता. पानाच्या डबीत तळाला सुकून भेगा पडलेला असतो तसा. मधोमध तर चिप उघडीच पडलेली.

कॉफी फिल्टर आणि आयसोप्रोपिलने पुसलं, नवी पेस्ट लावली. मेमरीवरचे पॅड शाबूत होते, त्यांना हात लावला नाही. पॅडची जाडी चुकली तर हीटसिंक चिपवर नीट बसत नाही, आणि अंदाजाने पॅड घेणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घेणं.

बसवलं. तोच सायबरपंक, तीच खोली: ८३ चे ७१. क्लॉक १७७० वरून १९०० च्या पुढे टिकतोय. फ्रेम ५४ च्या ५७. तीन फ्रेमसाठी एवढा खटाटोप का, असं कुणी विचारेल. आवाजासाठी. आई म्हणाली, "आज बंद आहे का रे ते?"

२२ जून

रविवारी सकाळी तारीख पुन्हा चुकीची. आणि आज डोक्यात दिवा लागला.

बाबांची रेल्वेतली शिस्त, रात्री झोपताना भिंतीवरचं प्रत्येक बटण बंद. पीसीचंही. पीसी नुसता बंद असला तरी भिंतीतून वीज येत असेल तर मदरबोर्डावरचं घड्याळ त्यावर चालतं. वीजच तोडली की सगळी भिस्त बोर्डावरच्या नाण्याएवढ्या सेलवर. तो सेल मेला असेल तर रोज रात्री बोर्ड फक्त तारीखच नाही, सगळ्या सेटिंग विसरणार. सगळ्या म्हणजे एक्सएमपीसुद्धा (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग).

टास्क मॅनेजर, मेमरीचं पान, वेग: २४००.

माझी ३२०० ची रॅम कित्येक महिने २४०० वर रांगत होती, आणि रोज सकाळी घड्याळ मला ते ओरडून सांगत होतं. मी काय करत होतो, घड्याळ जुळवत होतो!

सीआर२०३२ सेल किराणा दुकानात मिळाला, वजनकाट्यात घालतात तोच. मल्टीमीटरवर जुना २.१ व्होल्ट. हा तीनच्या आसपास हवा. नवा घातला, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्राममध्ये) एक्सएमपी चालू केलं, ३२०० झालं. पुन्हा एसटी, पुन्हा बर्लिन, पुन्हा स्केलिंग २०० आणि आरसे पहिल्यासारखे: ५२ चे ६०. मुख्य म्हणजे फ्रेमटाइमच्या रेघेवरचे मोठे दात बरेचसे गेले.

५ जुलै

कार्डांचा हिशेब, आता शांत डोक्याने.

आरटीएक्स ५०६० मे महिन्यात आलं. ८ जीबी, १४५ वॅट, मेमरी जीडीडीआर७, वेगवान. अडचण वेगळी आहे. त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या, आठच लेन आहेत. नव्या ५.० पिढीच्या बोर्डावर त्या पुरतात, पण माझा बी४५० बोर्ड ३.० चा, तिथे त्याच आठ लेनची रुंदी चतुर्थांश. गेम ८ जीबीत मावला तर फार बिघडत नाही. मावला नाही की उरलेला माल याच बोळातून सिस्टिमच्या रॅममधून आणावा लागतो, आणि मग झटके. सहाचा हंडा भरल्यावर काय होतं ते फोर्झात पाहिलंय. आठचा घेऊन तोच अनुभव दोन वर्षांनी पुन्हा कशाला?

इंटेलचं आर्क बी५८० मला आवडतं. १२ जीबी, आणि डिसेंबर २०२४ ला जाहीर किंमत २४९ डॉलर. पण त्याच्या ड्रायव्हरचा प्रोसेसरवर भार जास्त पडतो आणि जुन्या सहा-कोरवाल्या प्रोसेसरांवर ते मागे पडतं, हे बऱ्याच जणांनी मोजून दाखवलंय. माझा आजार प्रोसेसरचाच. आजाऱ्याच्या डोक्यावर गाठोडं नको.

राहतं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं. जूनमध्ये आलं, ३४९ डॉलर, १६० वॅट. सोळाच्या सोळा लेन, म्हणजे जुन्या बोर्डावरही बोळ एवढा अरुंद होत नाही. घ्यायचं झालं तर हेच. पण डॉलरची किंमत वाचून हुरळू नये. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, मग वितरकाचं, मग दुकानदाराचं, आणि शेवटी "हा भाव आजचाच" हे वाक्य.

१९ जुलै

मित्राने नव्या बोर्डावर उडी मारली, त्याचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर रिकामा झाला. मी उचलला. तोही सहा कोरचाच, पण माझ्या ३६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६-१६ एमबीच्या दोन खोल्यांत वाटलेली आहे, तीन-तीन कोरना एकेक. ५६०० मध्ये सहाही कोर ३२ एमबीच्या एकाच वाड्यात. एका थ्रेडवर अडणाऱ्या गेमला हेच हवं असतं.

आधी बायोस अपडेट. इथे मध्येच लाइट गेली तर बोर्डाची वीट होते, म्हणून पहाटे साडेपाचला उठलो, यूपीएस पूर्ण चार्ज, पेनड्राइव्ह लावला. पट्टी ६० टक्क्यांवर अडकून राहिली ती चाळीसेक सेकंद. तेवढ्या वेळात मी कोणकोणत्या देवांना काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

बर्लिन: ७८. कार्डाचा वापर ८४ टक्के. आता कुठे ते कामाला लागलं.

१० ऑगस्ट

तीन आठवडे वापरल्यावर: कार्ड घेत नाही. दिवाळीपर्यंत तरी नाही. माझ्या खेळण्याच्या तासांपैकी निम्म्याहून जास्त ट्रकमध्ये जातात, तिथे प्रश्न संपला. सायबरपंक काही सेटिंग उतरवून एफएसआरशिवाय साठला टेकतो. सेल, पेस्ट आणि प्रोसेसर मिळून खर्च नव्या कार्डाच्या पाव हिश्शाच्या आसपास झाला.

एक भिंत मात्र खरी आहे आणि ती पेस्ट लावून हटणार नाही. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल, डिसेंबर २०२४ चा गेम, हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (कार्डाने प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) चालत नाही. किमान आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ६६०० मागतो. १६६० सुपरमध्ये त्यासाठीचे आरटी कोरच नाहीत, त्यामुळे सेटिंग खाली आणायचा प्रश्नच येत नाही. असे गेम यादीत तीन झाले की पैसे काढायचे, असं वहीत लिहून ठेवलंय. सध्या दोन आहेत.

काल भाच्याचा फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत येतोय, आणि वाढदिवसाच्या पैशांतून त्याने एक गेम आत्ताच घेऊन ठेवलाय, "तुझ्याकडेच खेळणार मामा." कुठला, असं विचारलं.

ग्रेट सर्कल. त्याला अजून काही बोललेलो नाही.