शहरांच्या लोकसंख्येची तुलना : आधी हद्द पाहा

आशियातल्या मोठ्या शहरांच्या यादीत चीनमधलं चोंगचिंग सर्रास पहिल्या क्रमांकावर दिसतं. 2020च्या जनगणनेत तिथे 3 कोटी 20 लाख लोक मोजले गेले, हे खरंच आहे. पण त्या हद्दीचं क्षेत्रफळ सुमारे 82,400 चौ. किमी आहे, म्हणजे जवळपास ऑस्ट्रियाएवढं! त्यात डोंगर आले, शेती आली, खेडी आली. भागाकार केला की दर चौ. किमीला जेमतेम 390 माणसं उरतात. सोलमध्ये 605 चौ. किमीत सुमारे 96 लाख, म्हणजे जवळपास 16,000. म्हणून लोकसंख्येशेजारी क्षेत्रफळाचा रकाना हवाच. नुसत्या आकड्यावर लावलेला क्रम माझ्या मते निरुपयोगी आहे.

टोकियोचं तर वेगळंच. टोकियो शहर ही महापालिका 1943 साली संपली. आज 1 कोटी 40 लाख हा आकडा प्रांताचा असतो आणि त्यात हजार किलोमीटर दूरची ओगासावारा बेटंही येतात. जुन्या शहराच्या जागी असलेल्या 23 विशेष प्रभागांपुरतं पाहिलं तर 97 लाख.

दिल्लीतही हाच घोळ. 2011ला राष्ट्रीय राजधानी प्रदेशात, म्हणजे अख्ख्या केंद्रशासित दिल्लीत, 1 कोटी 68 लाख, तर महापालिका हद्दीत 1 कोटी 10 लाख. मुंबईच्या 1 कोटी 24 लाखांत ठाणे, नवी मुंबई धरलेली नाहीत. शिवाय 2011चा आकडा 2020च्या शेजारी ठेवताना वर्ष लिहायलाच हवं.

चीनच्या बाबतीत आणखी एक खबरदारी : आकडा नोंदणीकृत रहिवाशांचा की प्रत्यक्ष राहणाऱ्यांचा, ते तपासा. शांघायच्या 2 कोटी 49 लाखांपैकी सुमारे 1 कोटी 5 लाख बाहेरून आलेले, म्हणजे तिथे नोंदणी नसलेले आहेत.