सिंहगड पन्नास मिनिटांत, मग पुढे?

"ताई, मी पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड पन्नास मिनिटांत चढतो. मला सहा हजार मीटरचं शिखर जमेल ना?"

हा प्रश्न बहुतेक वेळा गडावरच येतो, विचारणाऱ्याच्या हातात दह्याचं मडकं असताना. तिथे मी "बोलू की निवांत" म्हणून वेळ मारून नेते. पण गेल्या दोन महिन्यांत तुमच्यापैकी चौघांनी तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट बसून लिहिते.

जमेलही. पण त्या पन्नास मिनिटांवरून ते मला सांगता येणार नाही.

सिंहगडाची चढाई साधारण सहाशे मीटरची, आणि गडमाथा तेराशे मीटरच्या आसपास. तुमची फुप्फुसं आणि मांड्या पुण्याच्या हवेत उत्तम आहेत, एवढंच त्यातून कळतं. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, आणि विरळ हवेची सवय व्हायला शरीर आपला वेळ घेतं. तुम्ही रोज किती धावता याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. उलट दमदार माणसंच आधी आडवी झालेली मी पाहिली आहेत, कारण ती पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे पळतात. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा साधा नियम. आपल्या रजा मात्र शनिवार धरून नऊ दिवसांच्या असतात, आणि जाहिराती त्या रजेच्या मापाने शिवलेल्या असतात.

दोष आपल्या पुण्यातल्या माहोलाचाही आहे म्हणा. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ साली गिरिप्रेमी या पुण्याच्या गिर्यारोहण संस्थेची तुकडी पोचली, आणि तेव्हापासून आपल्याला एव्हरेस्ट हा खडकवासल्याच्या पुढचा स्टॉप वाटतो. त्या मंडळींनी त्याआधी किती वर्षं कातळावर आणि बर्फात घालवली, ते कोणी विचारत नाही.

माझं स्वतःचं डोकं ठिकाणावर आलं ते गुलमर्गला. तेव्हा माझ्या खात्यावर हिमालयातले पाच-सहा ट्रेक होते. स्की टूरिंगची सहल बघितली, 'इंटरमीडिएट' लिहिलेलं होतं, म्हटलं आपण इंटरमीडिएटच की. स्की टूरिंग म्हणजे लिफ्टने वर न जाता स्की पायात घालूनच डोंगर चढायचा. स्कीच्या तळाला 'स्किन' नावाची पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असायची, आता मोहेर किंवा नायलॉनची असते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवून बघा: एका दिशेला सुळकन जातो, उलट फिरवला की केस अडवतात. स्किन तशीच पुढे सरकते, मागे घसरू देत नाही. चढताना टाच मोकळी असते. वर पोचलं की स्किन सोलून काढायची, टाच बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत, अडकवायची आणि खाली यायचं.

चढायला मी सगळ्यांच्या पुढे होते. तरुण मुलांना मागे टाकलं, आणि ते आमच्या काश्मिरी गाईडच्या लक्षात आलंय की नाही हेही दोनदा वळून पाहिलं. मग टाच अडकवली. पहिल्या वळणावर पडले, दुसऱ्या वळणावर पडले, तिसरं वळण आलंच नाही. मऊ, न दाबलेल्या बर्फात पडलं की उठणं हे एक वेगळंच काम असतं. काठी टेकवली तर ती कोपरापर्यंत आत जाते. चाळीस मिनिटांत चढलेला उतार मी सव्वा तासात उतरले, त्यातला बराचसा बसून. गाईड काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला गोंडोलाच्या (रोपवेच्या) खालच्या मैदानात नेऊन सोडलं. तिथे आठ-नऊ वर्षांची स्थानिक पोरं लाकडी फळकुटांवर भुर्रकन जात होती, आणि मी त्यांच्यामधून स्कीची पुढची टोकं जुळवून 'स्नोप्लाऊ' करत तीन दिवस काढले. अपमान वाटला. पैसे मात्र तिथेच वसूल झाले.

शेवटच्या दोन दिवसांत त्याने बीकन, म्हणजे सिग्नल सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र, वापरायला शिकवला. हिमस्खलनात कोणी गाडला गेला तर त्याच्या अंगावरच्या बीकनचा सिग्नल आपल्या बीकनने पकडायचा, लांब कांडीने टोचून नेमकी जागा हेरायची आणि फावड्याने खणायचं. त्याने एक बीकन पिशवीत घालून बर्फात पुरला आणि घड्याळ लावलं. मला अकरा मिनिटं लागली. मी खूश. तो म्हणाला, "दीदी, दस मिनट के बाद चान्स बहुत कम हो जाता है." पिशवी हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले.

तर माझा हिशोब तेव्हापासून असा आहे: चढून कोण किती लवकर जातो यावरून पातळी ठरत नाही. उतरताना काय येतं आणि बिघडलं तर काय येतं, यावरून ठरते. शिखरांनाही तेच लागू. मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक ५,२८९ मीटरचं, आणि जाहिरातीत 'पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी' म्हणून हमखास दिसणारं. मी गेले त्या बॅचमध्ये चौदा जण आणि दोन गाईड. क्रॅम्पॉनचा, म्हणजे बर्फात चालायला बुटाखाली बांधायच्या खिळ्यांचा, सराव एक तास. माझा एक क्रॅम्पॉन बुटाला नीट बसतच नव्हता, तो दोरीने बांधून दिला. घसरल्यावर आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) रोवून स्वतःला थांबवायचं कसं, ते फक्त तोंडी सांगितलं. समिटला मध्यरात्री निघतात ते बर्फ रात्री कडक असतो म्हणून. ऊन चढलं की तो भुसभुशीत होतो आणि दरडीसारखा सुटायची भीती वाढते. आम्ही रेंगाळलो आणि साडेसातला गाईडने मागे फिरवलं. एक गृहस्थ त्याच्याशी भांडत होते, "इतके पैसे भरलेत आम्ही!" माझ्या मते त्या सगळ्या सहलीत नीट झालेली गोष्ट तेवढी एकच.

'सोपं', 'मध्यम', 'अवघड' हे शब्द आपल्याकडे प्रत्येक कंपनी स्वतःच्या मनाने लावते. आल्प्समध्ये चढाईच्या मार्गांना फ्रेंच पद्धतीच्या श्रेणी असतात, त्यामुळे निदान सगळे एकच भाषा बोलतात. आपल्याकडे ते काम फोनवर करावं लागतं. एका दोरावर किती जण? सरावाला किती दिवस? खराब हवेसाठी राखीव दिवस आहे का? गाईडने कोणत्या संस्थेतून कोर्स केलाय? मागच्या वर्षी किती बॅच शिखर न गाठता परत आल्या? या शेवटच्या प्रश्नाला "एकही नाही" असं अभिमानाने उत्तर आलं तर मी फोन ठेवते. (आणि इन्शुरन्स किती उंचीपर्यंत चालतो ते पॉलिसीच्या बारीक अक्षरात बघा. आमच्यातले निम्मे बघत नाहीत.)

मला खरंच विचाराल तर पहिल्याच वर्षी शिखर घेऊच नका. महिनाभर रजा काढता येत असेल तर उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेतून बेसिक कोर्स करा. पाठीवर ओझं, पहाटे उठवणारे इन्स्ट्रक्टर, आणि तेच तेच पाऊल शंभरदा. एवढी रजा मिळत नसेल तर आठवडाभराचं बर्फातलं प्रशिक्षण शोधा, ज्यात शिखराचं नावही नसेल. अशा सहलीचा फोटो कोणाला दाखवता येत नाही, म्हणून ती पटकन भरतही नाही.

आणि तोवर सिंहगड आहेच. फक्त दहा किलोची सॅक घेऊन चढा, आणि वर पोचल्यावर पाण्याच्या बाटल्या ओतून हलके होऊ नका. ओझं खाली पण न्या. पाऊस पडून गेलेला असेल, वाट निसरडी असेल, तर फारच उत्तम. घड्याळ गडाच्या पुणे दरवाज्यात लावा आणि आतकरवाडीत बंद करा. किती मिनिटं लागली ते नका सांगू मला. किती वेळा बूड टेकलं ते सांगा. येत्या रविवारी साडेपाचला मी खालच्या चहाच्या टपरीवर असेन.