आमची वाटचाल: सिग्नलचा दिवा आणि मावळतीचं ऊन

वायरिंग आणि पॅनेल बोर्डाची कामं करता करता आमची छोटी फर्म ट्रॅफिक सिग्नलच्या देखभालीत आली. तेव्हा दिवा गेला की बदलायचा, एवढंच काम. आता नवीन चौक हाती घेताना पहिला प्रश्न असतो: गाडीवाल्याला दिवा किती लांबून दिसतो, आणि संध्याकाळी सहाला दिसतो का?

किनारपट्टीवरचे कितीतरी रस्ते घाटाकडून उतरतात आणि थेट समुद्राला भिडतात. म्हणजे पूर्व-पश्चिम. समुद्राकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांत मावळतीचं ऊन येतं, सिग्नलची नुसती काळी आकृती दिसते. उलट बाजूने येणाऱ्याच्या पाठीवरचं ऊन सिग्नलच्या तोंडावर पडतं. जुन्या बल्बच्या दिव्यात मागे चकचकीत रिफ्लेक्टर असायचा. ऊन रंगीत काचेतून आत शिरून परत फिरायचं आणि तिन्ही दिवे लागल्यासारखे वाटायचे. एलईडीला तसा मोठा रिफ्लेक्टर नसल्याने हा भास बराच कमी झाला. पूर्ण गेला म्हणता येत नाही.

दिव्यावरची टोपी दुपारच्या उन्हाला चालते. सूर्य क्षितिजाला टेकला की ऊन आडवं टोपीखालून आत येतं, तिथे तिचा इलाज नाही. टोपी खालून उघडी घ्यावी. बंद नळीत पाणी, पालापाचोळा साचतो आणि पक्षी घरटी करतात.

डोळ्यांत ऊन येणाऱ्याला खरा आधार दिव्यांमागच्या काळ्या पाटीचा. रंग मॅटच हवा, ऑइलपेंटची पाटी स्वतःच चमकते. पण मोठी पाटी वारा धरते. पावसाळी वाऱ्यात एकाच क्लॅम्पवरचा सिग्नल खांबाभोवती थोडा फिरतो, आणि एलईडीचा झोत अरुंद असल्याने तेवढ्यानेही उजेड भलतीकडे जातो. दिवा जळत असतो, तक्रार मात्र ‘सिग्नल बंद’ अशी येते. म्हणून वर-खाली दोन क्लॅम्प. आणि डिसेंबरात सूर्य नेमक्या पश्चिमेपासून २४ अंशांहून थोडा जास्त दक्षिणेला मावळतो, म्हणून मार्चमध्ये पाहिलेला चौक डिसेंबरात पुन्हा पाहावा लागतो.

रोख धरायची आमची पद्धत साधी. ताशी ५० किलोमीटरला गाडी थांबवायला इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) हिशेबाने ६० मीटर लागतात. एक माणूस तेवढ्या अंतरावर, डोळे जमिनीपासून १.२ मीटरवर येतील असा वाकून उभा राहतो, दुसरा शिडीवर. दिवा सर्वांत प्रखर दिसला की नट आवळायचे. मग रिक्षात बसून स्टॉप लाइनवर जायचं. टपाच्या कडेआड वरच्या आडव्या हातावरचा दिवा हमखास जातो, त्यामुळे चौकापलीकडच्या खांबावर, कमी उंचीवर दुसरा सिग्नल लागतोच. वेगाच्या रस्त्यावर दिवा ३०० मिलिमीटरचा घ्यावा. २०० चा गावातल्या अरुंद रस्त्याला पुरतो.

जुन्या कंट्रोलरला, म्हणजे दिवे आळीपाळीने लावणाऱ्या पेटीला, नुसते एलईडी दिवे जोडून पैसे वाचवू पाहणाऱ्यांना आम्ही आधीच सावध करतो. तो कंट्रोलर शंभरेक वॅटच्या बल्बसाठी बनलेला असतो. बंद स्थितीतही त्यातल्या ट्रायॅकमधून (दिवा चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) किंचित करंट गळतो. बल्बला त्याचा पत्ता लागत नाही, १०-१५ वॅटचा एलईडी मात्र मंद पेटून राहतो. रात्री हिरव्याबरोबर फिकट लालही दिसतो. शिवाय एवढा कमी करंट पाहून कंट्रोलर दिवा उडाल्याचं समजतो आणि चौक पिवळ्या फ्लॅशिंगवर टाकतो. दिव्याला समांतर लोड रेझिस्टर, म्हणजे जादा करंट ओढणारा रोधक, लावून भागतं, पण तो गरम होतो. तो प्लास्टिकच्या डब्यात नको.

बाकी शत्रू म्हणजे खारी हवा. बोल्ट ३१६ ग्रेड स्टेनलेसचे, खांब हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले), केबल खालूनच आत घ्यायची. लेन्सवर मिठाचा थर बसतो; तो कोरड्या फडक्याने पुसला तर चरे पडतात आणि उन्हात अख्खी लेन्स पांढुरकी दिसते. आधी भरपूर पाणी, मग साबणाचं मऊ फडकं. थिनर लावलात तर लेन्सच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला तडे गेलेच समजा.

गणपतीत कमानींवरच्या लाल-हिरव्या माळा नेमक्या सिग्नलमागे येतात. चतुर्थीच्या आठवडाभर आधी जाऊन मंडळाच्या पोरांना सांगतो, बाबांनो, एवढ्या पट्ट्यात पांढऱ्या लावा. बहुतेक वेळा लावतात.