ऑल्डगेटची वेस अखेर नकाशावर जागेवर बसली

ऑल्डगेट म्हणजे जुन्या लंडनच्या तटातली पूर्वेकडची वेस. तिचं काम तीन आठवडे अडलं होतं, ते काल सुटलं. १६७६ चा ओगिल्बी आणि मॉर्गनचा नकाशा आजच्या रस्त्यांवर बसवताना वेस दर वेळी तिरकी होऊन शेजारच्या इमारतीत घुसायची. मी वेशीजवळच्या सेंट बोटॉल्फ चर्चचे कोपरे कंट्रोल पॉइंट (दोन्ही नकाशांत एकच मानून जुळवायच्या खुणा) धरले होते, तिथेच चुकलं. आजचं चर्च जॉर्ज डान्स थोरल्याने १७४४ मध्ये नव्याने बांधलेलं आहे आणि त्याचा मनोरा दक्षिणेला रस्त्याकडे आहे. १६७६ च्या नकाशातलं चर्च हे नव्हेच! ते सगळे पॉइंट काढून टाकले, फक्त रस्त्यांचे तिठे धरले, आणि जुन्या नकाशाचा थर सरळ बसला. जुन्या नकाशांवर काम करणाऱ्यांना कळकळीने सांगतो, देवळं-चर्चं धरण्याआधी त्यांचं बांधकामाचं वर्ष बघा.

आता जे दिसतंय ते बघत राहावंसं वाटतं. वेस १७६१ मध्ये पाडली, तरी रस्ते अजून तिच्याकडेच धावतात. आतल्या बाजूने लेडनहॉल स्ट्रीट आणि फेनचर्च स्ट्रीट ऑल्डगेट पंपापाशी, म्हणजे पाण्याच्या जुन्या पंपापाशी, एकत्र येतात, कारण दोघांनाही बाहेर पडायला दार एकच होतं. तटाच्या दोन्ही अंगांना रस्त्यांची जोडी आहे. उत्तरेला आत ड्यूक्स प्लेस, बाहेर हाउंड्सडिच. दक्षिणेला आत ज्यूरी स्ट्रीट, बाहेर मिनरीज. मधली घरांची ओळ म्हणजे तट आणि खंदकाचा पट्टा. हाउंड्सडिच या नावात तर खंदक अजून जिवंत आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी ऑल्डगेट हाय स्ट्रीटवर घालवला. वेशीबाहेर पाऊल टाकताच रस्ता ऐसपैस होतो. पूर्वेच्या एसेक्स परगण्याकडून येणाऱ्या गाड्या, जनावरं, प्रवासी, सगळ्यांचा ओघ इथे येऊन थोपायचा. वेस रात्री बंद व्हायची, म्हणून मुक्कामाला वेशीबाहेर खाणावळी आणि सराया. वाटसरूंचा संत बोटॉल्फ, त्याचं चर्चही नेमकं वेशीबाहेरच! याच रस्त्यावर पुढे व्हाइटचॅपलचा गवतबाजार थेट १९२८ पर्यंत भरत होता.

वेशीवरच्या खोल्यांत कवी चॉसर १३७४ पासून बारा वर्षं राहिला. १३८१ च्या उठावात एसेक्सचे शेतकरी याच दारातून शहरात शिरले. त्या खिडक्यांखालून तो जमाव जाताना मी रोज डोळ्यांसमोर आणतो.

गेल्या शतकात इथे मोटारींसाठी मोठा एकेरी वळसा केला होता. तो काढून चर्चशेजारी २०१८ मध्ये ऑल्डगेट स्क्वेअर खुला झाला, ते फार बरं झालं. माणसं पुन्हा वेशीच्या तोंडाशी थांबू लागली.

आता पुढचं काम नकाशाकार जॉन रॉकच्या १७४६ च्या लंडनच्या नकाशाचं. त्यात नवं चर्च आहे, त्यामुळे या वेळी चर्चचे कोपरे बिनधास्त धरतो. मिनरीजच्या बाजूचा तट मात्र अजून दोन-तीन मीटर सरकतोय. कुणी तिथे व्हाइन स्ट्रीटचा उघडा तट पॉइंट म्हणून वापरला असेल, तर कसा धरलात ते कळवा.