उद्या पुन्हा क्रोक पार्क
२७ सप्टेंबर २०१३, एनिस

आज कामावरून येताना गल्लीतली पोरं भिंतीवर चेंडू बडवत होती. हर्लिंग, काठीने चेंडू मारायचा आमचा आयरिश खेळ. अ‍ॅशच्या लाकडाची काठी, त्यावर आमच्या क्लेअर काउंटीच्या रंगांची निळी-पिवळी चिकटपट्टी. थांबले आणि बघतच राहिले.

८ तारखेला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर झालेल्या ऑल-आयर्लंड हर्लिंग फायनलचा शेवट अजून डोळ्यांपुढून हलत नाही. वाया गेलेल्या वेळेसाठी शेवटी वाढवलेल्या मिनिटांत कॉर्क एका गुणाने पुढे, आणि आमच्या डोनल ओ'डोनोव्हनने, चक्क बचावपटूने, बरोबरी साधली. क्लेअर ०-२५, कॉर्क ३-१६. पहिला आकडा गोलांचा, दुसरा सुट्या गुणांचा; गोलचे तीन गुण, म्हणून दोघंही पंचविसावर. पण आम्ही एकही गोल केला नाही, हे मला खुपतंय. बरोबरीमुळे उद्या फायनल पुन्हा, आणि उद्या गोल हवेतच.

आणि अँथनी नॅशचं काय करायचं? कॉर्कचा हा गोलकीपर फ्री हिट मारायला अख्खं मैदान ओलांडून येतो. चेंडू असा पुढे उडवतो की फटका बसेपर्यंत तो गोलच्या पार जवळ गेलेला असतो. शेजारचे आजोबा म्हणाले, "गोलच्या रेषेवर जमतील तेवढे उभे करा." माझं मत वेगळं आहे. गोलजवळच्या टापूत फाऊलच करू नका.

आमचा टोनी केली जेमतेम एकोणीस वर्षांचा. मधल्या आठवड्यात एकवीस वर्षांखालची फायनलही जिंकून आलाय. पाय दमले असतील का? मला तर उलट वाटतं, हात बसलाय पोराचा.

१९९७ नंतर या फायनलचा लियाम मॅकार्थी चषक इथे क्लेअरमध्ये आलेला नाही. उद्या पाच वाजता सामना. आजोबांकडे जाणार आहे, पोहे घेऊन.