तुम्ही विचारलंत म्हणून: अजून क्रॉयडनलाच का?

"अजून क्रॉयडनलाच? ट्यूब नाही, हीथ्रो लंडनच्या दुसऱ्या टोकाला, आपली माणसं सगळी हॅरो-हौन्स्लोकडे. मग तिथे कशाला राहता?" गणपतीत, हळदीकुंकवाला, दवाखान्याच्या रांगेत, मिरजेहून येणाऱ्या फोनवर, सगळीकडे मला हेच विचारतात. मी "मुलीची शाळा" म्हणून विषय संपवते. मुलगी आता कॉलेजात आहे, म्हणजे ते उत्तरही संपलं. म्हणून एकदा नीट सांगते.

आधी ट्यूबचं, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचं. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला ट्यूब नाही, कारण ट्यूब यायच्या आधीच इथे रेल्वे होती. दक्षिण लंडनमध्ये रुळांचं जाळं इतकं दाट झालं होतं की जमिनीखालून जायची गरज उत्तरेइतकी पडली नाही. ट्यूबची नॉर्दर्न लाइन 1926 साली अलीकडच्या मॉर्डनपर्यंत आली आणि तिथेच थांबली. ईस्ट क्रॉयडनच्या फलाटावरून लंडन ब्रिज किंवा व्हिक्टोरिया पंधरा-वीस मिनिटांत येतं, उलट्या दिशेला गॅटविक विमानतळ तितक्याच वेळात. हॅरोहून मध्य लंडनात यायला किती वेळ लागतो, ते मला सांगू नका, मी केलेला आहे तो प्रवास.

"पण ते लंडन नाहीच," हा पुढचा टोला. 1965 पर्यंत ते सरे परगण्यात होतं, आजही पत्त्यात लंडन येत नाही, काही जण अजून 'सरे' लिहितात. असू दे. गावाला स्वतःचं नाव आहे, केशराची दरी असा त्याचा अर्थ सांगतात. भर बाजारात आर्चबिशप व्हिटगिफ्टनं सोळाव्या शतकाच्या शेवटी गरिबांसाठी बांधलेली घरं उभी आहेत आणि त्यांच्या अंगाला लागून ट्रॅम जाते.

पण मी इथे राहिले ती केशरासाठी नाही. माझे वडील, अण्णा, मिरज यार्डात सांधेवाले होते, म्हणजे रुळांचे सांधे बदलून गाडी योग्य मार्गावर वळवणारे. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज, तिन्ही एका स्टेशनात असण्याच्या काळातले. रात्री इंजिनाचा आवाज ऐकू आला नाही तर आमच्या घरात कोणाला झोप लागायची नाही. 2005 साली व्हिसा वाढवायला मी पहिल्यांदा क्रॉयडनच्या लूनर हाउसला आले, पहाटेपासून रांगेत उभी होते. काम झाल्यावर ईस्ट क्रॉयडनच्या पुलावर आले तर खाली रूळच रूळ, एक गाडी सुटतेय, दुसरी आत येतेय. वर्षभरानं घर घ्यायची वेळ आली तेव्हा नवऱ्याला मी भाव, शाळा, बाग असं सगळं सांगितलं. हे सांगितलं नाही.

अण्णा 2014 च्या उन्हाळ्यात आले. रोज दुपारी स्टेशनाबाहेरच्या ट्रॅमच्या थांब्यावर बाकावर बसायचे. मी त्यांच्यासाठी गावाचा इतिहास वाचायला लागले, आधी मला काही माहीत नव्हतं. 1803 साली वाँड्सवर्थपासून क्रॉयडनपर्यंत लोखंडी रुळांची वाट सुरू झाली, घोडे वाघिणी ओढायचे, टोल भरून कोणीही आपली वाघीण आणावी. हे ऐकून अण्णा एकदम सरळ बसले. "म्हणजे रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची? मग सांधे कोण सांभाळायचं?" मला उत्तर देता आलं नाही. 1809 साली कालवा आला. तो तोट्यात गेल्यावर रेल्वे कंपनीनं विकत घेतला आणि 1839 साली जे स्टेशन उघडलं, आजचं वेस्ट क्रॉयडन, ते कालव्याच्या धक्क्याच्या जागेवरच. मग 1846 साली वाफेच्या इंजिनाऐवजी रुळांमधल्या नळीतून हवा शोषून गाडी ओढायचा प्रयोग झाला. वर्षभरात 1847 ला तो गुंडाळला. पुढे रस्त्यावरच्या ट्रॅम आल्या, 1951 ला गेल्या, 2000 साली परत आल्या. या गावानं जाण्यायेण्याची प्रत्येक रीत करून पाहिली आहे, आणि बहुतेक एकेक करून गमावलीही आहे. अण्णा म्हणाले, "जंक्शनच्या गावातून दुसऱ्या जंक्शनच्या गावात आलीस. बरं केलंस." त्यांचं हे वाक्य मला घराच्या कागदपत्रांपेक्षा मोलाचं वाटलं.

एका रविवारी त्यांना पर्ली वेवर नेलं, जुन्या विमानतळाची 1928 ची इमारत दाखवायला. लंडनचा विमानतळ तेव्हा क्रॉयडन होता. 1930 साली वैमानिक एमी जॉन्सन इथूनच एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली. 1929 पासून हिंदुस्थानचं टपाल इथून कराचीकडे सुटायचं. 1932 च्या ऑक्टोबरात जे.आर.डी. टाटांनी कराचीहून मुंबईला जुहूवर पहिलं टपाल उतरवलं, ते याच वाटेचं पुढचं टोक. 1959 साली विमानतळ बंद झाला. दारात एक जुनं विमान खांबांवर चढवून ठेवलंय, अण्णा त्याच्याखाली बराच वेळ उभे होते.

9 नोव्हेंबर 2016 ला पहाटे सँडिलँड्सच्या वळणावर ट्रॅम उलटली, सात माणसं गेली. मिरजेत टीव्हीवर क्रॉयडन हे नाव दिसल्याबरोबर अण्णांचा फोन आला. "तू त्यात नव्हतीस ना?" मी नव्हते. पण कामाला जाताना कितीदा मी त्याच वळणावरून गेले होते. त्यांनी बातमीतलं सगळं ऐकलं होतं, वेगाची मर्यादा वीस किलोमीटर आणि गाडी सत्तरच्या वर. "वळण सांगितलं की चालवणाऱ्याला कळायला हवं, आणि नाही कळलं तर गाडीलाच कळायला हवं," म्हणाले. त्या माणसांबद्दल ते आठवडाभर बोलत राहिले.

तीन महिन्यांनी, फेब्रुवारीत, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. भाऊ होता. "ताई, अण्णा गेले." मिरजेत पावणेनऊ वाजायला आले होते. सकाळी साडेनऊचं मुंबईचं विमान हीथ्रोहून मिळत होतं. ते पकडलं असतं तर मध्यरात्री मुंबई, तिथून गाडीनं सकाळी मिरज. भाऊ म्हणाला, बर्फ आणलाय, सकाळपर्यंत थांबतो.

नवरा म्हणाला, टॅक्सी बोलावतो. मी नको म्हणाले.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. पैशांचा प्रश्न नव्हता. वेस्ट क्रॉयडनहून हीथ्रोला थेट बस आहे, ती मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले होते, "आमच्याकडून थेट बस आहे हो." साडेपाचची बस पहाटेची म्हणजे मोकळी, पावणेसातला विमानतळ. मी घड्याळ लावून हिशेब केला, सांधेवाल्याची मुलगी होते. किंग्स्टनच्या अलीकडे पुढे ट्रकचा अपघात झाला होता, रस्ता बंद. बस उभी राहिली ती तासभर, मग हात-दोन हात पुढे सरकत राहिली. उतरून चालत पलीकडे जावं आणि तिथून गाडी घ्यावी, हे मला आठ वाजता सुचलं, तेव्हा बस हलायला लागली होती. आठ चाळीसला काउंटरशी पोचले. साडेआठला बंद झालं होतं. खिडकीतली बाई माझ्याशी फार चांगली वागली, तिला काही करता येण्यासारखं नव्हतं.

पुढचं विमान रात्रीचं. भावाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, मग आता थांबता नाही येणार." संध्याकाळी कृष्णाघाटावर त्यानं अग्नी दिला. मी तेव्हा विमानतळावरच्या खुर्चीत बसले होते.

टॅक्सीसुद्धा अडकली असती, असं मी वर्षभर स्वतःला सांगितलं. कदाचित अडकली असती. कदाचित चालकानं गल्लीतून गाडी काढली असती. हौन्स्लोला राहत असते तर अर्ध्या तासात पोचले असते, याला मात्र 'कदाचित' लागत नाही. तुम्ही विचारता तेव्हा मी चिडते ती याच्यामुळे. तुमचा प्रश्न मी तुमच्या आधी विचारलेला आहे.

2006 साली घराच्या कागदांवर सही करणाऱ्या त्या मुलीशी मी पुष्कळ भांडले. तिनं लंडन ब्रिज किती मिनिटं ते मोजलं, आईवडील किती तास ते मोजलं नाही. पण तिची बाजूही मला कळते. तिला रात्री गाड्यांचा आवाज हवा होता, अण्णा या गावात खूश झाले ते तिच्यामुळे, आणि त्या बाकावरच्या दुपारी हौन्स्लोत झाल्या नसत्या. यातलं एक दुसऱ्याला कापत नाही. दोन्ही तसंच उरतं.

आता एलिझाबेथ लाइन ही रेल्वे आहे. ईस्ट क्रॉयडनहून फॅरिंग्डन, तिथे बदलून सरळ हीथ्रो. रस्त्याचा संबंध नाही. मी तीनदा करून पाहिलं, सामान घेऊनसुद्धा. आई आता एकोणऐंशी वर्षांची आहे. इतर कोणी विचारत नाही ते ती विचारते, "घरातून विमानतळापर्यंत किती वेळ लागतो गं?" मी म्हणते, दीड तास. ती "बरं" म्हणते आणि पुढच्या आठवड्यात परत विचारते.

मागच्या शनिवारी मी हौन्स्लोला दोन घरं पाहून आले. घरी अजून बोललेले नाही. परतताना ईस्ट क्रॉयडनच्या फलाटावरून चढ चढून बाहेर आले, तर ट्रॅमच्या थांब्यावरचा बाक रिकामा होता. बसले. माझी ट्रॅम आली आणि गेली, मी पुढच्या ट्रॅमची वाट पाहिली.